झिल्फा ब्रँच आणि मार्शपोर्टची दयाळू माणसं

मार्शपोर्टच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाची झिल्फा ब्रँचबद्दल एकच तक्रार होती. तिचं बोलणं फार सुधारत चाललं होतं.

तक्रार गंभीर होती, म्हणून ती चहा घेता घेता करायची असं ठरलं. मंडळाच्या अध्यक्षा मिसेस लव्हिनिया क्रॅन्स्टन यांनी झिल्फाला दिवाणखान्यात बोलावून चक्क खुर्चीवर बसवलं. एरवी ती या घरात यायची ती मागच्या दारानं, सोमवारी मळके कपडे न्यायला आणि गुरुवारी इस्त्री करून परत द्यायला. मागच्या दारानं आली की ती नुसती झिल्फा असायची, पुढच्या दारानं आली की 'आमची झिल्फा'.

चहात मेपलची साखर होती. उसाची साखर गुलामांच्या घामाची, म्हणून मंडळानं ती सोडून दिली होती. मेपलची साखर चवीला जास्त चांगली लागते, त्यामुळे हा त्याग सगळ्या जणी नेटानं करत होत्या.

"झिल्फा, अगं, रागावू नकोस हं," मिसेस क्रॅन्स्टन म्हणाल्या. "पण गेल्या महिन्यात तू भाषणात 'तथापि' म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"दोनदा," चिटणीस मिस प्रुडन्स व्हील्डन हळूच म्हणाली. तिनं वहीत टिपून ठेवलं होतं.

"लोक घरी जाताना कुजबुजत होते," मिसेस क्रॅन्स्टन म्हणाल्या. "म्हणे, ही बाई गुलाम होती कशावरून? गुलाम कुठे 'तथापि' म्हणतात? सुरुवातीला तू कसं थोडं मोडकंतोडकं बोलायचीस. तसंच बोल ना."

"तेव्हा मला येत नव्हतं, बाईसाहेब."

"हो, पण किती गोड वाटायचं!"

झिल्फानं चहाचा घोट घेतला. हसू दाबायचं असलं की ती नेहमी काहीतरी प्यायची.

"आणि तुझ्या मालकाचं नाव, गाव? तेही तू सांगत नाहीस," मिस प्रुडन्स म्हणाली. "नावगाव नसलं की लोकांना शंका येते. हकिकत सांगायची तर नावानिशी सांगावी."

"नाव सांगितलं की ते वर्तमानपत्रात येणार. वर्तमानपत्र दक्षिणेत जाणार. आणि मालक मला न्यायला येणार. कायदा अजून त्याच्याच बाजूचा आहे, मिस."

"पण सभा काय रंगेल!" असं मिस प्रुडन्सच्या तोंडून निघून गेलं, आणि मग ती बिचारी गोरीमोरी झाली.

झिल्फा व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यावर जन्मली. तिथूनच तिच्या आईला एका सकाळी गाडीत घालून नेलं आणि विकलं. तेव्हा झिल्फा सात वर्षांची होती. दुपारी तिला पानांवरच्या अळ्या वेचायला पाठवलं, कारण अळ्या कुणाच्या आईसाठी थांबत नाहीत, असं मुकादम म्हणाला. पुढे चोविसाव्या वर्षी ती कालवं वाहून नेणाऱ्या एका गलबताच्या तळाशी, ओल्या पोत्यांखाली, चार दिवस पडून राहिली आणि उत्तरेला निसटली. कालवांचा वास तिला तेव्हापासून सोसत नसे. आणि नशीब असं, की ती येऊन स्थिरावली ती मार्शपोर्टला, जिथे न्याहारीपासून कालवं खातात. मालकाचं आडनाव तिनं मळ्यावरच ठेवलं आणि 'ब्रँच' हे आडनाव स्वतःच निवडलं.

गेली एकोणीस वर्षं ती टेकडीवर राहत होती. मार्शपोर्टची सगळी काळी माणसं टेकडीवरच राहत: देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर जाणारे खलाशी, दोर वळणारे, न्हावी, धोबिणी. वर त्यांचं स्वतःचं लाकडी चर्च होतं. तिशी उलटल्यावर त्या चर्चच्या मागच्या खोलीत झिल्फा वाचायला शिकली. शिकवणारा होता शेजारचा खलाशी सायरस पीटर्स, आणि तो शिकवताना समुद्रावरच्या शिव्याही देई. त्यामुळे झिल्फाला बायबल आणि शिव्या दोन्ही एकदमच वाचता येऊ लागल्या.

मंडळानं तिला पहिल्यांदा व्यासपीठावर उभं केलं त्याला आता सहा वर्षं झाली होती. ठरलेला कार्यक्रम असा: आधी पाद्रीसाहेब गुलामगिरीचं तत्त्वज्ञान सांगणार, मग झिल्फा हकिकत सांगणार, मग मिसेस क्रॅन्स्टन आभार मानणार. "तू फक्त काय घडलं ते सांग," तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्याचा अर्थ काय, ते आम्ही बघू." सभेनंतर निवडक बायकांना आतल्या खोलीत तिच्या पाठीवरचे वळ दाखवायचे. बायका रुमाल घेऊन रांगेनं येत. एकीनं एकदा बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "अजून दुखतं का गं?" झिल्फा म्हणाली, "तुमचं बोट गार आहे तेवढंच."

तरी ती हे करत होती. तिच्या बोलण्यानं दोन खेड्यांतल्या लोकांनी पळून आलेल्यांना घरात आसरा दिला होता, ते तिला ठाऊक होतं. तेवढ्यासाठी ती मेपलची साखर गिळत असे, आणि त्यासोबत बरंच काही.

मार्च महिन्यात फीबीची भानगड उपटली.

फीबी म्हणजे सायरस पीटर्सची बायको. झिल्फाच्या आणि तिच्या घरात एक कुंपण होतं, पण ते कपडे वाळत घालायलाच वापरलं जाई. सायरस देवमाशांच्या मागे प्रशांत महासागरात गेला होता. येईल दोन वर्षांनी, किंवा तीन. त्यांची मुलगी ऑलिव्ह नऊ वर्षांची. टेकडीवरच्या चर्चमध्ये जेवढं शिकवता येत होतं तेवढं ती शिकून बसली होती, आणि आता प्रत्येकाला भागाकार विचारून हैराण करत होती.

खाली गावात सार्वजनिक शाळा होती. फीबीनं ऑलिव्हला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, स्वच्छ झगा घातला आणि पाटी देऊन पाठवलं. स्वतः गेली नाही. "मी गेले तर भांडण करायला आले वाटेल," म्हणाली. तासाभरात ऑलिव्ह परत आली. हातात पाटी होती आणि काखेत एक फ्लॅनेलचा परकर.

"हे काय?" फीबीनं विचारलं.

"दारात एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, बाळ, ही तुझी शाळा नाही. मग म्हणाल्या, थंडी वाजत असेल ना? आणि हा दिला."

"आणि मास्तरीणबाई?"

"त्या खिडकीतून बघत होत्या."

परकर तांबडा होता, काठाला पिवळी वेलबुट्टी. झिल्फानं तो हातात घेतला आणि लगेच ओळखला. दर गुरुवारी तो तिच्याच इस्त्रीखालून जायचा.

"मिसेस क्रॅन्स्टनचा आहे," ती म्हणाली.

"जिच्या सभेत तू लोकांना रडवायला जातेस ती?"

"तीच."

"मग आज तूच जाऊन रडून ये तिच्यापुढं," फीबी कडाडली. "एवढी तुझ्यावर माया आहे तर विचार की! माझी पोर भिकारीण आहे का? शाळा मागितली तर परकर देतात. उद्या भाकरी मागितली तर टोपी देतील!"

झिल्फा गेली. मागच्या दारानं गेली, म्हणून उभ्यानंच बोलावं लागलं. मिसेस क्रॅन्स्टनचे यजमान डीकन ओबेड क्रॅन्स्टनही घरातच होते. डीकनसाहेब जहाजमालक, चर्चचे वडीलधारे, मंडळाचे सल्लागार आणि शाळा समितीचे अध्यक्ष. मार्शपोर्टमध्ये चांगलं काम कुठलंही असो, त्यांच्याशिवाय होत नसे. आणि नको ते कामही.

"झिल्फा, तू समजूतदार आहेस म्हणून तुला सांगतो," डीकनसाहेब म्हणाले. "गुलामगिरी ही वेगळी गोष्ट. शाळेतला बाक ही वेगळी गोष्ट."

"ती कशी, साहेब?"

"गुलामगिरी हे पाप आहे. देवाला मान्य नाही. पण बाकावर कुणाशेजारी कोण बसणार, यात देव लक्ष घालत नाही. त्यासाठी समिती आहे."

"मुलांना त्रास होईल गं," मिसेस क्रॅन्स्टन कळवळून म्हणाल्या. "म्हणजे तुमच्याच मुलांना. बरोबरीनं बसायची सवय नसते ना. उगाच बावरतील."

"ऑलिव्ह बावरली नव्हती, बाईसाहेब. ती शाळेत जायला निघाली होती."

"आम्ही तिच्यासाठी शिवणाचा वर्ग काढू," मिसेस क्रॅन्स्टन म्हणाल्या. "दर शनिवारी. तुझ्याच घरी. मी स्वतः दोरे पाठवीन."

"तिला भागाकार हवाय."

दोघं नवराबायको एकमेकांकडे बघायला लागले. मग डीकनसाहेबांनी ते वाक्य उच्चारलं जे मार्शपोर्टमध्ये प्रत्येक चांगल्या कामाच्या थडग्यावर लिहिलेलं असे. "अजून वेळ आलेली नाही."

"कधी येईल, साहेब?"

"लोकांची मनं तयार व्हायला हवीत. तुझी भाषणं त्यासाठीच तर आहेत! तू आपली बोलत राहा."

टेकडी चढताना झिल्फाला एकाएकी लक्षात आलं, की एकोणीस वर्षांत आपण या बाईच्या घरचं सगळं धुतलं, पण आपल्या मनातलं एक अक्षर या बाईपुढं काढलं नाही. ती वाटेत एका दगडावर बसली आणि सायरसनं शिकवलेला दुसरा विषय मनातल्या मनात संपूर्ण म्हणून टाकला. मग उठून घरी गेली. फीबीला म्हणाली, "तो परकर फेकू नकोस. राहू दे."

"चुलीत घालणार होते."

"ऑगस्टपर्यंत थांब."

इंग्रजांनी आपल्या बेटांवरचे गुलाम मोकळे केले तो दिवस, म्हणजे ऑगस्टची पहिली तारीख, उत्तरेत सणासारखी साजरी होई. मार्शपोर्टमध्ये त्या दिवशी टाउन हॉलमध्ये मोठी सभा असे, आणि सभेनंतर थंडगार लिंबूपाणी. यंदा तर बॉस्टनहून एका वर्तमानपत्राचे संपादक येणार होते, म्हणून मिसेस क्रॅन्स्टननी हॉलला हिरव्या फांद्यांची तोरणं बांधली आणि झिल्फाला आदल्या दिवशी पुन्हा एकदा बोलावून घेतलं.

"आईला विकल्याचा प्रसंग घेच," त्या म्हणाल्या. "आणि अळ्यांचा. अळ्या लोकांना फार आवडतात. 'तथापि' नको."

"तथापि नाही म्हणणार," झिल्फा म्हणाली, आणि तिनं शब्द पाळला.

हॉल खचाखच भरला होता. खाली गावातले गोरे लोक, वर गॅलरीत टेकडीवरचे, कारण बाकाबाबतचं समितीचं धोरण सभेलाही लागू होतं. फीबी आणि ऑलिव्ह गॅलरीच्या पहिल्या ओळीत होत्या. व्यासपीठावर पाद्रीसाहेब, डीकनसाहेब, मिसेस क्रॅन्स्टन आणि पेन्सिल परजून बसलेले संपादक. पाद्रीसाहेबांनी पाऊण तास तत्त्वज्ञान सांगितलं. तेवढ्यात दोघे झोपले आणि एकजण घोरला.

मग झिल्फा उठली. काळा साधा झगा, पांढरी कॉलर, स्वतः स्टार्च केलेली.

"आज मी माझी गोष्ट सांगणार नाही," ती म्हणाली. "माझी तुम्हाला पाठ झालीय. आज एका मुलीची सांगते. नऊ वर्षांची."

मिसेस क्रॅन्स्टननी भुवया उंचावल्या, पण मुलगी म्हटल्यावर त्यांनी रुमाल काढून तयार ठेवला.

झिल्फा सावकाश सांगू लागली. मुलीचा बाप दूर कामावर गेलेला. आई कष्टाची. मुलीला शिकायचा इतका ध्यास, की वाळत घातलेल्या चादरीवर ती कोळशानं आकडे लिहायची. मग एका सकाळी आईनं तिला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. मुलगी चिखल तुडवत निघाली. पायात बूट होते ते आईचे, पुढे चिंध्या कोंबलेले. वाटेभर ती धडा पाठ म्हणत होती, चुकायला नको म्हणून.

"आणि ती दारापाशी पोचली," झिल्फा म्हणाली. "दार उघडं होतं. आत मुलं बसलेली दिसत होती. तिनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला. आणि मालकीणबाई आडव्या आल्या."

हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

"मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. रेशमी टोपी घातलेली, अंगाला लव्हेंडरचा वास. त्या म्हणाल्या, बाळ, ही जागा तुझी नाही."

"धिक्कार!" मागून एक आवाज आला.

"आणि मालक? मालक चर्चमधले मोठे गृहस्थ. या मुलीला अक्षर शिकवायचं नाही, असा हुकूम त्यांच्याच सहीनं निघालेला. सही करण्याआधी त्यांनी प्रार्थना केली होती."

"ढोंगी!" मासळीचे व्यापारी मिस्टर गॉर्डन उभे राहून ओरडले. ते भले गृहस्थ होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डीकनसाहेब व्यासपीठावर दुःखानं मान हलवत होते. दक्षिणेतल्या ढोंगाचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

"मुलगी हलली नाही," झिल्फा म्हणाली. "तिला वाटलं, आपलं नाव सांगायचं राहिलं म्हणून असं झालं. तिनं नाव सांगितलं. तेव्हा मालकीणबाईंना तिची दया आली. त्यांनी तिला एक परकर दिला. फ्लॅनेलचा. तांबडा. काठाला पिवळी वेलबुट्टी."

मिसेस क्रॅन्स्टनचा रुमाल डोळ्यांपाशी होता, तो तिथेच थांबला.

"कोण ती बाई?" मिस्टर गॉर्डन गरजले. "नाव सांगा! नाव सांगा!"

"नाव! नाव!" सगळा हॉल बाकांवर हात आपटू लागला. संपादकांनी पेन्सिलला थुंकी लावली.

"मंडळाची माझ्याबद्दल नेहमी तक्रार असते, की मी नावगाव सांगत नाही," झिल्फा म्हणाली. "आज सांगते. गावाचं नाव मार्शपोर्ट. दार तुमच्या शाळेचं. महिना गेला मार्च. मुलगी वर बसलीय, ऑलिव्ह पीटर्स. हुकमावर सही डीकन ओबेड क्रॅन्स्टन यांची, आणि परकर..."

पुढचं सांगायची गरजच उरली नाही. गॅलरीतून फीबीनं तो परकर कठड्यावर पसरला. चार महिने ती ज्याला चुलीत घालायला आसुसली होती, तो मस्त धुवून, इस्त्री करून आणला होता.

मग मिस्टर गॉर्डन खाली बसले. ते इतके जोरात ओरडले होते की आता काय करावं, त्यांना सुचेना. ते लिंबूपाण्याच्या दिशेनं बघत राहिले. मिसेस क्रॅन्स्टनना भोवळ आली, पण पकडायला कुणी जवळ नाही असं पाहून त्या खुर्चीतच सावरल्या. पाद्रीसाहेबांनी घाईघाईनं स्तोत्र सुरू केलं आणि सूर इतका उंच लावला की पहिल्याच ओळीला सगळ्यांचे गळे फाटले. गॅलरीतले लोक मात्र ते स्तोत्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, सगळी कडवी, पायांनी ताल धरून.

संपादकांनी सगळं छापलं. परकराचा रंगसुद्धा.

मंडळानं तातडीची सभा घेतली. झिल्फाला बोलावलं, पण या खेपेला खुर्ची दिली नाही.

"तू आम्हाला फसवलंस," मिसेस क्रॅन्स्टन म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखरच लाल होते. "सगळ्यांना वाटलं दक्षिणेची गोष्ट आहे!"

"मी दक्षिणेचं नाव एकदाही घेतलं नाही, बाईसाहेब. तुम्ही म्हणालात काय घडलं ते सांग. मी काय घडलं ते सांगितलं. अर्थ तुम्ही लावलात."

"माफी माग."

"कुणाची? मी हकिकत नावानिशी सांगितली. तुमचीच सूचना होती ना, मिस प्रुडन्स?"

मिस प्रुडन्सनं वहीत तोंड घातलं. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं.

माफी काही मिळाली नाही. मग सभ्य माणसं घेतात तसा मंडळानं सूड घेतला: सगळ्या बायकांनी झिल्फाकडे कपडे देणं बंद केलं. ते दोन आठवडे झिल्फाला जड गेले. रोज ओट्सची लापशी, तीही फीबीकडची. रात्री कूस बदलताना तिच्या मनात आलंही, की आपण ही आग लावायला नको होती का? मालकाच्या कानावर गेलं तर? वर्तमानपत्र दक्षिणेत जातंच. पण सकाळी कुंपणापलीकडून ऑलिव्ह ओरडायची, "मावशी, एकशे एकोणनव्वदला सातानं भागलं तर?" आणि झिल्फाला उत्तर यायचं नाही, आणि मग तिला आपण केलं ते बरंच केलं असं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात गावातल्या पुरुषांच्या कॉलरी लोळागोळा दिसू लागल्या. दुसऱ्या धोबिणीला स्टार्च जमत नव्हता. चर्चमध्ये डीकनसाहेबांची कॉलर उपदेशाच्या मध्येच आडवी झाली. एकेक मोलकरीण कपड्यांचं गाठोडं घेऊन टेकडी चढू लागली. सर्वांत शेवटी क्रॅन्स्टनांचं गाठोडं आलं, आत चिठ्ठी नव्हती. झिल्फानं ते घेतलं आणि दर वाढवला.

इकडे बॉस्टनच्या वर्तमानपत्रात पत्रांवर पत्रं येऊ लागली, आणि शेजारची गावं मार्शपोर्टला 'परकरगाव' म्हणू लागली. शाळा समितीला ते सोसवेना. सप्टेंबरात समितीनं ठराव केला: काळ्यांना शाळेत घ्यावं, मात्र त्यांच्यासाठी वेगळा बाक असावा, मागे, भिंतीला लागून.

"मागे!" फीबी म्हणाली. "नकोच ती शाळा!"

"थांब," झिल्फा म्हणाली. "ठराव वाच पाहू. 'काळ्या व्यक्तींसाठी एक बाक.' वय लिहिलंय कुठे?"

पहिल्या दिवशी झिल्फा ऑलिव्हबरोबर आत गेली आणि तिच्याशेजारी त्या बाकावर बसली. गुडघे पोटाशी आले.

"मिसेस ब्रँच, तुम्ही... इथे?" मास्तरीणबाई मिस टॅबिथा लोव्हेल कशीबशी म्हणाली. ती वीस वर्षांची पोर होती. मार्चमध्ये खिडकीतून बघत राहिली ती हीच.

"मी ठरावानुसार आलेय. मला भागाकार येत नाही."

मिस टॅबिथानं ठराव काढून दोनदा वाचला. मग ती फळ्याकडे वळली आणि तिनं भागाकार लिहिला.

झिल्फा रोज सकाळी दोन तास येऊन बसे आणि बाकीचा दिवस कपडे धुई. आठवड्याभरात टेकडीवरची आणखी पाच मुलं आली, आणि दोर वळणारा म्हातारा एबेनही आला, कारण त्याला सही शिकायची होती. समिती चिडली, पण ठराव आपलाच होता. शिवाय समितीनं एक गोष्ट पाहिलीच नव्हती. मागच्या भिंतीला लागून शाळेचा स्टोव्ह होता. डिसेंबरात पुढच्या बाकांवर शाई गोठायची आणि मागे सगळे उबेत बसायचे. गोरी मुलं एकेक करून मागे सरकू लागली. आधी मिस्टर गॉर्डनचा धाकटा, मग त्याची बहीण, मग क्रॅन्स्टनांचा नातू. जानेवारीत त्या बाकावर काळी मुलं सहा आणि गोरी अकरा दाटीवाटीनं बसत, आणि जागेवरून मारामारी होई. समितीनं नवा ठराव केला: वेगळा बाक रद्द, सगळ्यांनी जिथे जागा मिळेल तिथे बसावं. कारण असं लिहिलं, की 'स्टोव्हजवळ गर्दी होऊन अपघात संभवतो.' माणसामाणसांतली समता मार्शपोर्टमध्ये अशी अग्निसुरक्षेच्या नावाखाली आली.

वसंतात मंडळाचा वार्षिक अहवाल निघाला. मिस प्रुडन्सनं एक प्रत स्वतः टेकडीवर आणून दिली आणि पायरीवरच घुटमळत राहिली. फीबीनं तो मोठ्यानं वाचला.

"'मंडळाच्या अथक प्रयत्नांमुळे मार्शपोर्टची शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुली झाली. या कार्यात अध्यक्षा मिसेस क्रॅन्स्टन व डीकन क्रॅन्स्टन यांनी दाखवलेलं धैर्य...'" फीबीनं कागद दूर धरला. "धैर्य! अगं, ऐकतेस का? आणि तुझं नाव आहे की, खाली. 'धोबीण झिल्फा हिचंही सहकार्य लाभलं.'"

"मी लिहिलं नव्हतं ते," मिस प्रुडन्स घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे, मी लिहिलं होतं वेगळं. त्यांनी बदललं."

"तू काय लिहिलं होतंस?" झिल्फानं विचारलं.

"'मिसेस ब्रँच यांनी हे घडवून आणलं.' एवढंच."

झिल्फानं इस्त्री बाजूला ठेवली आणि तिला पायरीवरून आत यायला सांगितलं.

मे महिन्यात शाळेची जाहीर परीक्षा झाली. आईबाप, पाद्रीसाहेब, सगळे भिंतीला लागून उभे होते. डीकनसाहेब मुलांना भूगोल विचारत होते. बाहेरगावचे पाहुणे आले होते, म्हणून त्यांनी मुद्दाम ऑलिव्हला उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सांग बाळ, दक्षिणेतल्या राज्यांतून बाहेर जाणारा मुख्य माल कोणता?"

"कापूस, सर. गुलाम वेचतात तो."

"शाबास! आणि तो कसा जातो?"

ऑलिव्ह खलाशाची मुलगी होती. धक्क्यावर कोणतं जहाज कुठून आलं, हे तिला भागाकारापेक्षाही जास्त पाठ होतं.

"जहाजांतून, सर. 'होप' जातं, 'प्रॉव्हिडन्स' जातं आणि 'लव्हिनिया' जातं. तिन्ही तुमची आहेत."

पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाली, "किती हुशार मुलगी!" आणि टाळ्या वाजवू लागली. मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या. डीकनसाहेबांनीही वाजवल्या, कारण सगळे बघत होते. झिल्फा म्हाताऱ्या एबेनच्या शेजारी उभी होती. ती इतकी हसली, इतकी हसली, की मिस टॅबिथाला तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवावं लागलं.